विद्यार्थी टिकवायचे तर फॅकल्टी सेनेटने आधी स्वतःचे नियम वाचावेत

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात फॅकल्टी सेनेटने, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी सभेने, विद्यार्थ्यांच्या गळतीवर समिती नेमली आहे. पहिल्या वर्षानंतर परत येणाऱ्यांचं प्रमाण ७४ टक्के आहे आणि प्रोव्होस्टना, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखांना, ते तीन वर्षांत ८० वर न्यायचं आहे. समितीचं अध्यक्षपद नव्यानेच स्वीकारलेल्या प्राध्यापकांना विचारायचं आहे की सेनेटच्या हातात नेमकं काय असतं आणि सुरुवात कुठून करायची.

सल्लागारांची भरती, फी, वसतिगृहं, शिष्यवृत्त्यांचा निधी यांपैकी काहीच सेनेटच्या हातात नाही. तिच्या हातात आहे तो कॅटलॉग, म्हणजे अभ्यासक्रम आणि नियमांची पुस्तिका. कोर्स कधी सोडता येतो, नापास कोर्स परत घेतला तर श्रेणी कशी धरतात, कोणत्या कोर्सआधी कोणता हवा, कमी गुणांमुळे प्रोबेशन कधी लागतं, मेजरला (मुख्य विषयाला) प्रवेश किती जीपीएवर (चारपैकी सरासरी श्रेणीवर) मिळतो, हे सगळं तिथे ठरतं. बहुतेक समित्या या नियमांकडे सगळ्यात शेवटी वळतात, कारण ते आपणच कधीतरी हात वर करून मंजूर केलेले असतात. तुम्ही तिथूनच सुरू करा.

पण त्याआधी आकडा नीट समजून घ्या. हे ७४ टक्के सगळ्या विद्यार्थ्यांचे नाहीत. संघराज्याच्या शिक्षण खात्याकडे आयपेड्स या आकडेवारी-प्रणालीतून जाणाऱ्या या आकड्यात फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या टर्ममध्ये, प्रथमच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ, पदवीसाठी दाखल झालेले विद्यार्थीच धरतात. अर्धवेळ विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा असतो. दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेले किंवा जानेवारीत दाखल झालेले यात कुठेच नसतात. पुढच्या फॉलच्या ठरलेल्या मोजणी-तारखेला नाव नोंदलेलं असलं की तो विद्यार्थी टिकला. मृत्यू, कायमचं अपंगत्व, सैन्यसेवा, संघराज्याची परदेशातली मदतसेवा आणि अधिकृत धर्मप्रसारकार्य एवढ्याच कारणांनी नाव गटातून वगळता येतं. घरची अडचण, नोकरी, दुसऱ्या विद्यापीठात जाणं ही सगळी गळतीच. तेव्हा या एका आकड्यावर काम करताना बदली घेऊन आलेल्यांचं वेगळं कोष्टक मागून घ्या. ते कोणी मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता टक्क्यांची माणसं करा. प्रवेशाचा गट १२०० चा धरला, तर ७४ टक्के म्हणजे ८८८ आणि ८० टक्के म्हणजे ९६०. प्रश्न ७२ विद्यार्थ्यांचा आहे, आणि एक टक्का म्हणजे १२ जण. एवढ्या गटात काहीही न बदलता केवळ योगायोगाने आकडा सव्वा टक्का इकडेतिकडे होतो. म्हणून एका वर्षात आकडा टक्काभर वर गेला की पाठ थोपटून घेऊ नका, आणि खाली आला तर कुणाची चौकशीही लावू नका. तीन वर्षांची सरासरी बघा.

आकडा वाढवण्याचे वाईट मार्गही आहेत. मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाचं प्रकरण २०१६ च्या जानेवारीत गाजलं. नव्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, त्यावरून डळमळीत वाटणारे वीसपंचवीस जण मोजणीच्या तारखेआधीच घरी पाठवायचे, म्हणजे छेद लहान होऊन टक्का वर दिसेल, अशी अध्यक्षांची योजना होती. प्राध्यापकांनी विरोध केला. प्रोव्होस्टचं पद गेलं, दोन प्राध्यापकांना काढलं आणि मग परत घेतलं, आणि फेब्रुवारीअखेर अध्यक्षांनी राजीनामा दिला. तिथून घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. आकड्यात कोण धरलं, कोण वगळलं आणि कोणत्या तारखेला, हे दरवर्षी सेनेटपुढे लेखी यावं असा ठराव पहिल्याच महिन्यात करून टाका.

मग कोण गेलं ते पाहा. संस्थात्मक संशोधन कार्यालयाकडून, म्हणजे विद्यापीठाचे आकडे सांभाळणाऱ्या विभागाकडून, गेल्या तीन गटांतल्या गळालेल्यांची चार खणांत विभागणी मागा: पहिल्या टर्मचा जीपीए २.० च्या वर की खाली, आणि जाताना विद्यापीठाचं देणं होतं की नव्हतं. शिवाय डिसेंबरनंतर किती गेले आणि मेनंतर किती, हे वेगळं. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या देशभरच्या नोंदणीचे आकडे ठेवणाऱ्या संस्थेकडे नावं पाठवली की कोण दुसरीकडे शिकतोय आणि कोण कुठेच नाही हेही कळतं. तीन-साडेतीन जीपीए असलेले आणि दुसऱ्या विद्यापीठात गेलेले विद्यार्थी तुमच्या शिकवणीवर्गांनी थांबणार नाहीत, त्यांना हवं ते मेजर इथे मिळालं नसेल. २.४ जीपीए आणि हजार डॉलर देणं असलेला विद्यार्थी मात्र अभ्यासात ठीक आहे, त्याला नोंदणी करता येत नाहीये. या दोघांवर एकच उपाय लावला तर दोघेही जातात.

आता नियम. मी असतो तर इथे समितीचा निम्मा वेळ घालवला असता, कारण कॅटलॉगचा नियम आणि आर्थिक साहाय्याचा नियम एकमेकांना कापतात आणि सेनेटमध्ये नियम करताना दुसरा कागद कुणी उघडलेलाच नसतो.

उदाहरण 'डब्ल्यू'चं, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याच्या नोंदीचं. विद्यार्थ्याच्या भल्यासाठी म्हणून सेनेट ती मुदत पुढे नेते. जीपीए वाचतो हे खरं. पण संघराज्याचं आर्थिक साहाय्य चालू राहायला समाधानकारक प्रगती दाखवावी लागते, आणि तिचा एक निकष असा की घेतलेल्या क्रेडिटपैकी (कोर्सचं वजन मोजण्याच्या एककांपैकी) साधारण दोन तृतीयांश पूर्ण झालेली हवीत. डब्ल्यू घेतलेल्यात धरतात, पूर्ण झालेल्यात नाही. पंधरा क्रेडिट घेतलेल्या विद्यार्थ्याने चार क्रेडिटचं गणित सोडलं आणि तीन क्रेडिटच्या दुसऱ्या कोर्समध्ये नापास झाला, तर १५ पैकी ८ उरतात, म्हणजे ५३ टक्के. त्याला इशारा जातो. पुढच्या टर्मला त्याने मेहनत करून १५ पैकी १२ पूर्ण केले, तर एकूण ३० पैकी २०, म्हणजे ६६.६७ टक्के. तुमच्या विद्यापीठाच्या धोरणात '६७ टक्के' असं छापलं असेल आणि आकडा पूर्णांकात धरायचा की नाही ते लिहिलं नसेल, तर सुधारलेल्या या विद्यार्थ्याचं साहाय्य अपूर्णांकावर अडू शकतं. असे किती जण आहेत ते आर्थिक साहाय्य कार्यालयाला विचारा. नापास कोर्स परत घेऊन जुनी श्रेणी पुसण्याचा नियमही तसाच. गुणपत्रक सुधारतं, पण घेतलेल्या क्रेडिटमध्ये दोन्ही प्रयत्न धरले जातात.

दुसरी जागा याहून जड. विद्यार्थी टर्मचा ६० टक्के काळ संपण्याआधी सगळेच कोर्स सोडून गेला, तर जेवढे दिवस राहिला तेवढंच साहाय्य त्याचं, उरलेलं परत करावं लागतं. विद्यापीठ आपला वाटा सरकारला परत करतं आणि ती रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर देणं म्हणून लावतं. देणं लागलं की नोंदणीवर होल्ड, म्हणजे रोख, होल्ड लागला की पुढच्या टर्मला नाव घालता येत नाही. आजारपणामुळे आठव्या आठवड्यात गेलेला विद्यार्थी असा कायमचा जातो. सुट्टी वगळून १०५ दिवसांच्या टर्ममध्ये ६० टक्के म्हणजे ६३ वा दिवस, नवव्या आठवड्याची अखेर. तुमची सगळे कोर्स सोडण्याची मुदत आठव्या आठवड्याला संपत असेल, तर घाबरलेला विद्यार्थी नेमका चुकीच्या बाजूला ढकलला जातो. मुदत दहाव्या आठवड्यापर्यंत न्या, आणि सगळे कोर्स सोडण्याच्या अर्जावर आर्थिक साहाय्य कार्यालयाची सही आवश्यक करा. ही सही अडवण्यासाठी नसते, 'आज गेलास तर एवढं देणं लागेल' हे कुणीतरी आकड्यात सांगावं यासाठी असते.

एफ, म्हणजे नापास श्रेणी, देताना शेवटच्या हजेरीची तारीख नोंदवण्याचा नियम बऱ्याच शिक्षकांना कारकुनी वाटतो. सगळ्याच कोर्समध्ये एफ मिळालेला विद्यार्थी शेवटपर्यंत बसून नापास झाला की पाचव्या आठवड्यात गायब झाला, हे विद्यापीठाला ठरवावं लागतं. ते शिक्षकाच्या नोंदीवरूनच ठरतं आणि त्यावर विद्यार्थ्याचं देणं अवलंबून असतं. तारीख अंदाजाने भरू नका.

होल्डची यादी काढा. नोंदणी अडवण्याचा अधिकार किती कार्यालयांना आहे, किती रकमेपासून, आणि होल्ड काढायला कोण लागतं. वाचनालयाचा दंड, पार्किंगचा दंड, न भरलेला एखादा फॉर्म, सगळे सारख्याच जोराने नोंदणी बंद करतात. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून देणं थकल्यामुळे नाव कमी होणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली. रक्कम सरासरी हजार डॉलरच्या आसपास, आणि अर्ज न मागता कार्यालयच विद्यार्थी शोधून देतं. ते पैसे सेनेटचे नव्हेत. पण ठरावीक रकमेखालच्या देण्यासाठी नोंदणी अडवू नये, अशी शिफारस सेनेट करू शकते आणि ती फुकट आहे.

मेजरच्या प्रवेशअटी हा विषय विभागांच्या प्रतिष्ठेचा असतो, म्हणून तो टाळला जातो. नर्सिंग किंवा अभियांत्रिकीला ३.० लागतो आणि विद्यार्थ्याचा २.७ आहे, तर तो नापास नाही, पण त्याला पुढे रस्ता नाही. अट ढिली करा असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळा आणि इस्पितळातल्या जागा मर्यादित असतातच. प्रत्येक मर्यादित मेजरने दोन जवळची मेजर्स लिहून द्यावीत, ज्यांत पहिल्या वर्षाची क्रेडिट वाया जाणार नाहीत, एवढं मागा. ते कागदावर आलं की सल्लागाराकडे दुसऱ्या टर्मच्या सुरुवातीलाच सांगायला काहीतरी असतं.

पहिल्या वर्षाच्या मोठ्या कोर्सेसकडे या. डी, एफ आणि डब्ल्यू मिळून किती टक्के, हे कोर्सवार काढतात. मात्र टक्केवारी लावून यादी केलीत तर वर वीस विद्यार्थ्यांचा एखादा सेमिनार येतो. टक्केवारीला विद्यार्थीसंख्येने गुणा, मग खरी यादी दिसते: बीजगणित किंवा कॅल्क्युलस, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, लेखन आणि एखादा इतिहास किंवा मानसशास्त्राचा मोठा वर्ग. पहिल्या पंधरा कोर्सांवर थांबा. यात एक सापळा आहे. डी-एफ-डब्ल्यू कमी असलेला वर्ग चांगला शिकवलेला असतो असं नाही. म्हणून त्या वर्गातले विद्यार्थी पुढच्या कोर्समध्ये कसे निघाले तेही शेजारी लावा. कॅल्क्युलस एकमध्ये सगळे पास आणि दोनमध्ये निम्मे आडवे, तर गळती फक्त एक टर्म पुढे ढकलली आहे.

हे आकडे शिक्षकाच्या नावानिशी समितीपुढे आणू नका. कोर्सपर्यंत समितीला, सेक्शनपर्यंत फक्त विभागप्रमुखांना, आणि दहापेक्षा कमी विद्यार्थ्यांचा खण कोराच. 'हे आकडे बढती किंवा करारवाढीच्या मूल्यमापनात वापरले जाणार नाहीत' हे वाक्य ठरावातच घाला. ते नसेल तर दुसऱ्या वर्षापासून श्रेणी आपोआप सुधारतात आणि शिकणं आहे तिथेच राहतं.

गणिताच्या तयारी-कोर्सांबाबत पुरावा बऱ्यापैकी स्वच्छ आहे. विद्यार्थ्याला आधी बिनक्रेडिटच्या एकदोन पायऱ्या चढायला लावण्याऐवजी थेट मुख्य कोर्समध्ये बसवून सोबत जादा तास द्यायचे, असा बदल टेनेसीच्या कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांनी, २०१५ च्या फॉलमध्ये सरसकट केला. वर्षभरात मुख्य गणित पास होणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम बारा टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास गेलं. कॅलिफोर्नियात हेच कम्युनिटी कॉलेजांसाठी २०१७ च्या कायद्याने आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या चान्सलरनी कार्यकारी आदेश काढून तयारी-कोर्स बंद केले. अंमल पुढच्याच फॉलपासून. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुरेसा सल्ला न घेता आदेश काढला म्हणून तिथल्या अकॅडेमिक सेनेटने तक्रार केली, आणि ती रास्त होती. पण तो प्रश्न तिथे वर्षानुवर्षं पडून होता. अभ्यासक्रमाचा निर्णय प्राध्यापकांनी लांबवला की तो वरून येतो, आणि येतो तेव्हा वेळापत्रक त्यांचं नसतं.

पूर्वसूचना-प्रणालीवर थोडंच लिहितो, कारण तिच्यावर पैसे फार आणि विचार कमी खर्च होतो. ती बंद पडते ती बहुधा तीन कारणांनी. सूचना आठव्या आठवड्यात जाते, जेव्हा करण्यासारखं फार उरलेलं नसतं. ती घेणाऱ्या सल्लागाराकडे सहाशे विद्यार्थी असतात, तीनशेच्या पुढे त्याला नावंही लक्षात राहत नाहीत. आणि सूचना देणाऱ्या शिक्षकाला पुढे काय झालं ते कळत नाही, मग पुढच्या टर्मला तो पाठवत नाही. विक्रेते दाखवतात त्या यशाच्या आकड्यांकडेही जपून बघा. पर्ड्यू विद्यापीठाच्या कोर्स सिग्नल्स या हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्यांच्या प्रणालीबद्दल असा दावा होता की ती वापरणारे दोन किंवा अधिक कोर्स घेतलेले विद्यार्थी जास्त टिकतात. २०१३ मध्ये टीकाकारांनी दाखवलं की जो टिकतो त्याच्या वाट्याला असे कोर्स आपसूकच जास्त येतात. कारण आणि परिणाम उलटे वाचले गेले होते. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास हवा असेल तर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा एएसएपी कार्यक्रम बघा. पूर्णवेळ शिकण्याची अट, कमी विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार आणि प्रवासाचा पास एकत्र दिल्यावर तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. खर्च विद्यार्थ्यामागे साठेक टक्के जास्त आला, पण एका पदविकेमागचा खर्च कमीच पडला. प्रोव्होस्टशी पैशांचं बोलताना हे शेवटचं वाक्य उपयोगी पडतं.

समितीची रचना. नऊ ते अकरा मतदार सदस्य पुरे. त्यात त्या पंधरा कोर्सांपैकी निदान दोन प्रत्यक्ष शिकवणारे हवेत, आणि त्यांपैकी एक तरी कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचा शिक्षक. पहिल्या वर्षाचे वर्ग बहुतांशी तेच घेतात आणि सेनेटमध्ये त्यांना बहुधा जागा नसते. त्यांना सभांचा मोबदला मिळेल असं आधीच लिहून घ्या. रजिस्ट्रार, आर्थिक साहाय्य, सल्ला केंद्र आणि आकडे कार्यालय यांचा एकेक माणूस मताविना बसवा. रजिस्ट्रारला दुसऱ्या सभेऐवजी पहिल्याच सभेला बोलवा. कुठला नियम संगणकप्रणालीत बसतो आणि कुठला हाताने राबवावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

अधिकाराचा वाद निघतोच. १९६६ मध्ये एएयूपी या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने आणखी दोन राष्ट्रीय संघटनांसोबत विद्यापीठ-कारभारावर जे निवेदन तयार केलं, त्यात अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धतींसोबत शिक्षणाशी निगडित विद्यार्थिजीवनाचीही प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांची मानली आहे. ते कायदा नव्हे, पण अनेक संस्थांच्या घटनेत त्याचे शब्द उतरले आहेत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत तर अकॅडेमिक सेनेटच्या विषयांची यादीच नियमांत आहे, बोलीत 'दहा अधिक एक', आणि विद्यार्थ्यांची तयारी व यश हा त्यातला एक विषय आहे. तुमच्याकडे प्राध्यापक-संघटनेचा करार असेल तर तो आधी वाचा. चौथ्या आठवड्यात श्रेणी भरणं हे कामाचा बोजा वाढवणं ठरलं तर ते सेनेटच्या ठरावाने लागू होत नाही, वाटाघाटीत जातं.

ठराव कसा लिहायचा यावर बरंच अवलंबून आहे. 'सेनेट सर्व विभागांना विद्यार्थी टिकवण्यासाठी प्रयत्न करण्याचं आवाहन करते' हा ठराव एकमताने मंजूर होतो आणि फायलीत जातो. त्याऐवजी असं लिहा: 'पहिल्या वर्षाच्या यादीतल्या कोर्समध्ये चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत एकूण गुणांच्या किमान दहा टक्क्यांचं काम तपासून विद्यार्थ्याला परत दिलं जाईल. पाचव्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत शिक्षक "समाधानकारक" किंवा "धोक्यात" अशी नोंद करतील. सल्ला केंद्र सात दिवसांत काय केलं ते शिक्षकाला कळवेल. पुढच्या फॉलपासून लागू. तीन वर्षांनी सेनेटने पुन्हा मंजूर न केल्यास रद्द.' त्यात काम, तारीख, जबाबदार कार्यालय आणि मुदत आली. धोरण बदलत असाल तर जुना मजकूर खोडून आणि नवा अधोरेखित करून शेजारी ठेवा, नाहीतर सभेत अर्धा तास 'आत्ता नियम काय आहे' यावरच जातो.

वेळापत्रकाला कॅटलॉगची छपाई बांधलेली असते. पुढच्या फॉलचा कॅटलॉग साधारण मार्चमध्ये बंद होतो असं धरलं, तर सप्टेंबरात आकडे, ऑक्टोबरात विभागांशी बोलणी, नोव्हेंबरात पहिलं वाचन आणि फेब्रुवारीत मतदान व्हायला हवं. एप्रिलमध्ये मंजूर झालेला नियम वर्षभर कुणाला लागू होत नाही. शिवाय जुन्या कॅटलॉगखालच्या विद्यार्थ्यांना नवा नियम लागेल का, हे ठरावात लिहिलंच पाहिजे.

'दर्जा घसरेल' हा आक्षेप नक्की येईल आणि तो झटकून टाकू नका. श्रेणी देणं शिक्षकाचा अधिकार आहे, त्यात सेनेटने पडू नये. पण मुदती, पायऱ्या, सूचना आणि अटी हा दर्जा नव्हे. पहिली परीक्षा सातव्या आठवड्यात घेणं ही कठोरता नाही, त्या वेळी विद्यार्थ्याला वाट बदलायला जागाच उरत नाही. ज्यांना शंका आहे त्यांना पुढच्या कोर्सच्या निकालाचं कोष्टक बनवायची जबाबदारी द्या. ते काम ते मन लावून करतात, आणि समितीला तसा तपासनीस हवाच असतो.

पहिल्या वर्षाअखेर मुख्य आकडा तुमच्या हातात नसेल, तो पुढच्या फॉलच्या मोजणीनंतरच येतो. तोवर पहिल्या टर्ममध्ये पूर्ण केलेली क्रेडिट, जानेवारीत परतलेल्यांचं प्रमाण आणि एप्रिलअखेर पुढच्या फॉलसाठी नोंदणी न केलेल्यांची नावं, एवढ्यांवर नजर ठेवा. शेवटची यादी सगळ्यात कामाची. मे महिन्यात त्या नावांना फोन करता येतात, आणि होल्ड कुणामुळे लागला ते त्याच फोनवर कळतं. ही यादी कोण काढेल, फोन कोण करेल आणि उत्तरं कुठे लिहून ठेवेल, हे समितीच्या सप्टेंबरच्या सभेतच ठरवून घ्या. मे महिन्यात प्राध्यापक परिसरात नसतात.